थंडीतल्या टेलगेटसाठी ऊब कशी निवडावी

आमचं गाव निफाड तालुक्यात. डिसेंबर-जानेवारीत पारा उतरला की तिकडे द्राक्षवाल्यांच्या डोळ्याला डोळा लागत नाही. थंडीने मण्यांना तडे जातात, म्हणून पहाटे तीन-चारला उठून ठिबक सोडायचं, छाटणीच्या काड्या आणि उसाचं पाचट गोळा करून शेकोट्या पेटवायच्या. लहानपणी मी आप्पांच्या मागे बॅटरी धरून फिरायचे. काडी ओढण्याआधी ते मूठभर माती वर सोडायचे आणि ती कुठे सरकते ते बघायचे. मग शेकोटीची जागा ठरायची.

गेली चौदा वर्षं मी अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये ऍपलटनला राहते. ग्रीन बे इथून गाडीने अर्ध्या तासावर, आणि ग्रीन बे म्हणजे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचं मैदान, लॅम्बो फील्ड. मुलगा फुटबॉलचा वेडा. त्यामुळे दर हिवाळ्यात दोन-तीन सामन्यांना जाणं होतंच, आणि सामना म्हटलं की आधी टेलगेटिंग आलं. टेलगेट म्हणजे पिकअप गाडीचा मागचा फाळका. सामन्याच्या तीन-चार तास आधी पोचायचं, फाळका पाडायचा, तिथेच शेगडी मांडायची, चार घरची माणसं गोळा करायची आणि खातपीत उभं राहायचं. लॅम्बोच्या आसपासचे घरवाले सामन्याच्या दिवशी आपलं अंगण गाड्या लावायला भाड्याने देतात. आम्ही बहुतेक वेळा तसंच एखादं अंगण धरतो. शेजारी कोणी बिअरमध्ये कांदा घालून ब्रॅट म्हणजे सॉसेज शिजवत असतं, कोणी मोठ्या हंड्यात बूया नावाचा इथला घट्ट रस्सा करत असतं, आणि आमच्याकडे मटकीची उसळ असते.

हे सगळं छान, पण थंडी इथे खरोखरची असते. ३१ डिसेंबर १९६७ ला याच मैदानावर पॅकर्स आणि डॅलस काउबॉइज यांचा सामना झाला तेव्हा पारा उणे २५ सेल्सिअसवर होता. त्याला आजही 'आइस बोल' म्हणतात. पॅकर्स २१-१७ ने जिंकले. त्या वर्षी प्रशिक्षक व्हिन्स लोंबार्डींनी मैदानाखाली गरम करायची यंत्रणा मुद्दाम बसवून घेतली होती, आणि नेमकी त्या दिवशी ती कमी पडली. जमीन दगडासारखी झाली. पंचांनी शिट्टी तोंडाला लावली तर ती ओठाला चिकटली. ही गोष्ट मी नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, कारण इथे सगळा भरवसा एकाच हीटरवर टाकून जायचं नसतं.

दरवर्षी भारतातून नवीन आलेली चार-पाच कुटुंबं मला विचारतात, "ताई, हीटर कोणता घेऊ?" मी आधी उलट विचारते, वारा कशाने अडवणार आणि पायाखाली काय घालणार? याची उत्तरं नसतील तर कोणताही हीटर घ्या, तासाभरात सगळे गाडीत जाऊन बसलेले असतात.

आधी आडोसा, मग पाय

पाच वर्षांपूर्वी आप्पा डिसेंबरात इकडे आले होते. मी मोठ्या हौसेने नवा हीटर पेटवून त्यांची खुर्ची समोर मांडली. ते दोन मिनिटं बसले, मग उठून तंबूला एक चक्कर मारली आणि म्हणाले, "पोरी, वारं तिकडून येतंय आणि तू पडदा इकडं लावलाय. आधी वारं अडव, मग जाळ कर." पडदा काढून पश्चिमेच्या बाजूला लावला. हीटर तोच, गॅस तेवढाच, पण पाच मिनिटांत त्यांनी मफलर सैल केला. तेव्हापासून मी तंबूच्या खांबाला लोकरीचा एक धागा बांधते. धागा कुठे उडतो ते बघायचं आणि त्या बाजूला पडदा. वारा फिरला की पडदाही फिरवायचा.

तंबू म्हणजे दहा बाय दहा फुटांचा घडीचा मांडव. त्याला बाजूने लावायचे पडदे वेगळे मिळतात. दोन पडदे घ्या, फार तर तीन. चौथी बाजू कायम उघडी. ती का, ते पुढे सांगते. खांबांना वजन बांधायला विसरू नका, वाळूच्या पिशव्या चालतात. आणि आपल्या पार्किंगमध्ये तंबू, उघडा जाळ, गॅसची टाकी यातलं काय चालतं, ते तिकीट काढतानाच वाचून घ्या. प्रत्येक मैदानाचे नियम वेगळे असतात.

आता पाय. डांबर किंवा गोठलेली जमीन बुटाच्या तळव्यातून ऊब ओढून घेत राहते. वरून कितीही शेका, पाय गारच. लहान मुलांच्या खाली इंटरलॉक करून घालतात तसल्या फोमच्या जाड चटया मी तंबूभर अंथरते. चटया नसतील तर सामानाचे मोठे पुठ्ठ्याचे खोके चपटे करून दोन-तीन थर घाला. त्याला पैसाही लागत नाही. माझ्याकडे गावाहून आणलेली एक घोंगडी आहे. ती स्टेडियममध्ये बसायला जाते, कारण लॅम्बोला बहुतेक जागा म्हणजे ऍल्युमिनियमची लांबलचक बाकं आहेत. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरते. सुती गोधडी तिथे कामाची नाही, एकदा भिजली की ती अंगातली ऊब शोषते.

बूट घट्ट नकोत. दोन जाड मोजे कोंबून बूट आवळला की रक्त खाली पोचत नाही आणि बोटं आधी गारठतात. एकच चांगला लोकरीचा मोजा आणि बोटं हलतील एवढी जागा पुरते.

हीटर निवडताना

उघड्यावर हवा तापवायला जाऊ नका. तापलेली हवा वर जाते आणि वारा तिला घेऊन जातो. आपल्याला माणूस तापवायचा आहे. म्हणून तापून लाल होणारी जाळी किंवा सिरॅमिकची पाटी असलेला हीटर घ्या. कोवळ्या उन्हासारखी त्याची ऊब सरळ अंगावर पडते. पंख्याने गरम हवा फेकणारे तोफेसारखे हीटर बांधकामावर ठीक. त्यांना वीज लागते, आवाज प्रचंड, आणि समोर बसलेल्याचे डोळे कोरडे पडतात. हॉटेलच्या अंगणात असतात ते छत्रीवाले उंच हीटरही इथे नकोत. तासाला जवळपास दोन पौंड गॅस खातात, वाऱ्यात डोलतात आणि त्यांची ऊब डोक्यावरून जाते.

इथे हीटरची ताकद बीटीयूमध्ये लिहितात. बीटीयू म्हणजे उष्णतेचं इथलं माप, आणि हीटरवरचा आकडा तासाचा असतो. आपल्याला अंदाज यावा म्हणून सांगते: एक किलोवॅट म्हणजे तासाला ३,४१२ बीटीयू. म्हणजे आपल्याकडचा तीन किलोवॅटचा इन्स्टंट गिझर साधारण १०,२०० बीटीयूचा झाला.

मी वापरते तो 'मिस्टर हीटर' कंपनीचा 'बडी'. डब्यासारखा, वर धरायला मूठ, ४,००० ते ९,००० बीटीयू. प्रोपेन गॅसच्या हिरव्या एक पौंडी बाटलीवर चालतो आणि वेगळी नळी लावली तर मोठ्या टाकीवरही. चार माणसांना, दोन पडद्यांच्या आडोशाला, एवढा पुरतो. त्याच घरातला लहान भाऊ ३,८०० बीटीयूचा आहे, तो एका-दोघांसाठी. मोठा १८,००० पर्यंत जातो. आम्ही आठ-दहा जण असलो तर मैत्रीण तिचा मोठा आणते. पण एका मोठ्यापेक्षा दोन मध्यम हीटर दोन बाजूंना ठेवलेले मला आवडतात. एकाने दगा दिला तर दुसरा असतो, आणि एकाच हीटरभोवती सगळे घोळका करत नाहीत.

टाकीच्या डोक्यावरच बसवायचा गोल वाटीसारखाही हीटर मिळतो, एका वाटीचा साधारण १५,००० बीटीयूचा. स्वस्त आणि दणकट. तंबू नसेल, पूर्ण उघड्यावरच उभे राहणार असाल, तर तो चांगला. पण तंबूत तो अजिबात नको.

कोणताही घ्या, दोन गोष्टी खोक्यावर लिहिलेल्या आहेत का ते दुकानातच बघा. पहिली, आडवा पडला की आपोआप बंद होणं. दुसरी, हवेतला प्राणवायू कमी झाला की बंद होणं. या दोन नसतील तर मी तो हीटर हातात घेत नाही. मुलं पळापळ करताना हीटरला पाय लागणारच, हे धरून चाला.

शेकोटीची लोखंडी घमेली, म्हणजे इथली फायर पिट, मलाही मनापासून आवडते. पण बहुतेक पार्किंगमध्ये तिच्यावर बंधनं असतात, ठिणगीने नायलॉनच्या जाकिटाला क्षणात भोक पडतं आणि निघताना निखाऱ्यांचं काय करायचं हा प्रश्न उरतोच.

गॅस

इथे मी पहिल्याच वर्षी फसले. देशी दुकानात आणि कोरियन दुकानात एक चपटी शेगडी मिळते, बाजूला स्प्रेच्या डब्यासारखा आठ औंसांचा गॅसचा डबा बसतो. घरी पावसाळी भजी तळायला ती उत्तम. चहासाठी ती घेऊन गेले. पारा उणे १४. बटण फिरवलं, खट् खट् झालं, निळी ज्योत बोटभर उठली आणि विझली. डबा काढून हलवला तर आत गॅस खळखळत होता, अगदी अर्ध्याहून जास्त. भरलेला डबा, आणि जाळ नाही. तो डबा ब्यूटेनचा होता. ब्यूटेन शून्याच्या जेमतेम खाली, उणे अर्ध्या अंशाला उकळतो. त्याहून थंडीत तो द्रवच राहतो, त्याची वाफ होत नाही, मग जळणार काय? प्रोपेन उणे ४२ पर्यंत वाफ देत राहतो. भारतातल्या घरगुती सिलिंडरमध्ये या दोन्हींचं मिश्रण असतं आणि आपल्या हवेत ते चालून जातं. इथे डब्यावर 'प्रोपेन' एवढाच शब्द शोधा. सिगारेटच्या लायटरमध्येही ब्यूटेनच असतो. म्हणून लायटर बाहेरच्या खिशात ठेवू नका, आत छातीशी ठेवा.

प्रोपेनलाही थंडी बाधते. २१ अंशाला टाकीत दर चौरस इंचाला साधारण ११० पौंडांचा दाब असतो, उणे १८ ला तो २४-२५ वर येतो. त्यात गॅस जळत असताना टाकी स्वतः आणखी गार होते. एक पौंडी बाटलीवर दहा मिनिटांत पांढरं दव धरतं, आणि बाटली लहान असल्यामुळे तिच्यातून वाफ पुरेशी निघत नाही. हीटरची लाल जाळी काळपट पडू लागते. अशा वेळी काही जण बाटली हीटरच्या समोर धरतात. कृपा करून असं कधीही करू नका. दुसरी बाटली गाडीच्या आत उबेला ठेवलेली असावी, ती लावा आणि पहिली थोडा वेळ गाडीत ठेवा.

किती गॅस लागेल याचा हिशोब सोपा आहे. एक पौंड प्रोपेन म्हणजे साधारण २१,५०० बीटीयू. ९,००० वर चालवला तर सव्वादोन-अडीच तास, ४,००० वर पाच तासांच्या पुढे. चार तासांच्या टेलगेटला मी चार बाटल्या धरते. दोन लागतात, एक थंडीत जाते, एक दुसऱ्याला द्यायला.

पारा उणे दहाच्या खाली जाणार असेल तर बाटल्यांचा नाद सोडा आणि वीस पौंडी टाकी न्या, ग्रिलला लावतात तीच. टाकी मोठी म्हणून वाफ भरपूर निघते, आणि पूर्ण भरलेली असेल तर ९,००० वर ती ४५ तासांच्या पुढे चालते. रिकामी देऊन भरलेली घ्यायच्या योजनेत टाकीत पुष्कळदा पंधराच पौंड गॅस असतो, हे लक्षात ठेवा. किती उरलाय ते कळायला भारतात जाताना बॅगा तोलतो तो हुकाचा काटा वापरा. टाकीच्या कड्यावर 'टी डब्ल्यू' या अक्षरांपुढे रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं, बहुधा १७ पौंडांच्या आसपास. काट्यावर आलेल्या वजनातून ते वजा करा.

टाकी तंबूच्या बाहेर, उभी. नळी आत. नळी घेताना हीटर बनवणाऱ्याने सांगितलेलीच घ्या आणि तो फिल्टर लावा म्हणत असेल तर लावा. साध्या नळीच्या रबरातला तेलकट अंश हीटरच्या सुईएवढ्या भोकात साचतो आणि एक-दोन हिवाळ्यांत ज्योत मंदावते. जोडणी झाली की भांड्याच्या साबणाचं पाणी ब्रशने सांध्यावर लावा. बुडबुडे आले की गळती. हे काम घरी, आदल्या दिवशी करा, कारण पार्किंगमध्ये साबणाचं पाणी गोठतं. प्रोपेन हवेहून जड असतो, गळाला तर खाली पायाशी साचतो. वास आला की आधी टाकी बंद करायची, बाकी सगळं नंतर.

अजून एक गोष्ट, हिच्यापायी कितीतरी चांगले हीटर बिचारे परत केले जातात. टाकीची चावी झटक्यात पूर्ण उघडली तर टाकीच्या जोडणीतली सुरक्षेची झडप समजते की नळी फुटली, आणि गॅस अगदी थोडा सोडते. ज्योत मग मिणमिणती राहते. हीटर बंद करा, टाकी बंद करा, नळी सोडून पुन्हा लावा, आणि चावी अगदी हळू उघडा, चतुर्थांश फेऱ्यापासून. नळीत हवा असेल तर पेटायलाही वेळ लागतो. बटण दाबून अर्धा मिनिट धरायचं, ज्योत स्थिर झाली की मग सोडायचं.

जीवावरचं

चौथ्या हिवाळ्यात एकदा बारीक बर्फ आडवं मारत होतं. आम्ही चारही पडदे लावून घेतले, मधला हीटर पूर्ण सोडला. पंधरा-वीस मिनिटं छान वाटलं. मग माझं डोकं कपाळापासून जड व्हायला लागलं. मुलगा जांभया देत होता, आणि सामन्याच्या दिवशी तो जांभई देईल हे शक्यच नाही. माझी मैत्रीण नर्स आहे. तिने एक शब्द न बोलता एक पडदा खालून वरपर्यंत ओढला आणि सगळ्यांना बाहेर काढलं. बाहेर दहा मिनिटांत डोकं हलकं झालं. बंद जागेत कोंडलेल्या जाळातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. हीटरमध्ये प्राणवायू कमी झाल्याचं कळणारी झडप होती, तरी आम्ही तिथवर पोचलो होतो.

तेव्हापासून चौथी बाजू उघडी, आणि वरच्या कडेलाही फट. कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवरचा गजर आता सामानात पहिला जातो. आकडा दाखवणारा घ्या. कारण साधा घरगुती गजर ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) एक ते चार तासही गप्प राहू शकतो, तो तसाच बनवलेला असतो. आकडा मात्र आधी दिसतो. आमच्या गजरावर शून्याच्या जागी काहीही दिसलं की मी पडदा सरकवते. असे बरेच गजर ४ अंशाच्या वर काम करायला बनवलेले असतात, म्हणून तो गाडीत गार पडू देऊ नका. तंबूत बसल्या डोक्याच्या उंचीला लटकवा.

कोळशाची शेगडी तंबूत कधीच नाही, विझत आलेलीसुद्धा नाही. विझत आलेला कोळसा जास्त वाईट.

आणि गाडी. फाळका किंवा मागचं दार उघडं ठेवून इंजिन चालू ठेवायचा मोह होतो, आतलं हीटर लागावं म्हणून. धूर मागूनच निघतो आणि उघड्या दारातून आत ओढला जातो. इंजिन चालू करायचं तर सगळी दारं बंद, आणि आधी मागे जाऊन धुराड्याच्या तोंडाशी बर्फ नाही ना ते बघायचं.

अंगावरची ऊब

विजेच्या हीटरबद्दल लोक फार विचारतात. १,५०० वॅटचा हीटर ५०० वॅट-तासांच्या बॅटरीवर वीस मिनिटंही धड चालत नाही. गाडीच्या सिगारेट लायटरला लावायचे हीटर जेमतेम दीडशे वॅटचे, त्यांनी काच पुसायची. वीज अंगाला चिकटून वापरायची असते. बॅटरीवर गरम होणारं जाकीट आठ-दहा वॅट घेतं आणि छातीशी ऊब देतं. साध्या १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेवर ते तीन-चार तास चालतं. पॉवर बँक आतल्या खिशात ठेवा, थंडीत तिची ताकद कमी होते. घरी आल्यावर गार असताना चार्जिंगला लावू नका, खोलीच्या उबेला येऊ द्या. शून्याखाली चार्ज केली तर बॅटरी कायमची बिघडते.

हाताच्या पुड्या घ्याच. त्यात लोखंडाची भुकटी, मीठ, कोळसा असतो. पुडी उघडली की लोखंड हवेने गंजायला लागतं आणि त्या गंजण्यातून आठ-दहा तास ऊब मिळते. हवा लागल्याशिवाय ती तापत नाही, म्हणून फोडून पाच मिनिटं मोकळी धरा, मग हातमोज्यात घाला. बुटासाठी वेगळ्या येतात, त्या बोटांच्या वर, मोज्यावर चिकटवा, उघड्या कातडीवर नको.

सगळ्यात आवडती माझी वस्तू मात्र रबराची गरम पाण्याची पिशवी. आईने कंबरेसाठी दिली होती. घरून निघताना भरायची, लोकरीच्या जुन्या स्वेटरच्या बाहीत घालायची आणि मांडीवर घेऊन वर पांघरूण. दोन-तीन तास सहज जातात. थर्मासमध्ये कढत पाणी असेल तर मध्ये बदलता येते. लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांना कोणत्याही हीटरपेक्षा ही सोसते.

आप्पांना मधुमेह आहे, त्यांच्या तळपायाला चटका कळत नाही. आपल्याकडून येणाऱ्या किती आई-वडिलांचं असंच असतं. त्यांच्या पायाशी हीटर, पुडी, पिशवी यातलं काही नको. चांगले बूट, फोमची चटई, आणि दर अर्ध्या तासाला दहा पावलं चालणं. बोट किंवा कानाची पाळी पांढरी, मेणासारखी दिसली आणि बधिर झाली तर चोळू नका, हीटरसमोरही धरू नका, कारण बधिर कातडी भाजली तरी कळत नाही. आत उबेला न्या, आणि अंगाच्या उबेएवढ्या कोमट पाण्यात धरा. रंग परत येत नसेल तर दवाखाना गाठा.

आवरताना

सामन्याला आत जायच्या अर्धा तास आधी टाकीची चावी बंद करा आणि नळीतला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्या, मग हीटरचं बटण. जाळी तासभर तापलेली असते, तिला किमान पंधरा मिनिटं तंबूबाहेर गार होऊ द्या, तोवर चटया गुंडाळून होतात. टाकी गाडीत उभी, पट्ट्याने बांधलेली. नळी काढून ठेवलेली. पुड्यांमध्ये ऊब शिल्लक असेल आणि दुसऱ्या दिवशी वापरायच्या असतील तर झिपवाल्या पिशवीत घालून सगळी हवा दाबून काढा. हवा संपली की गंजणं थांबतं, आणि सकाळी पिशवी उघडली की त्या पुन्हा तापायला लागतात. घोंगडी मात्र गाडीत ठेवू नका, ती तुमच्याबरोबर आत येते.